ताबापत्रावरची तारीख

धायरीतील आमच्या फ्लॅटची चावी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर हाती आली. त्या घाईत ज्या ताबापत्रावर मी सही केली, त्यावर ४ जून ही तारीख छापलेली होती. विचारल्यावर "ती ऑफिसची फॉरमॅलिटी असते, काका" असे उत्तर मिळाले.

पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले. फोन केला की बिल्डरचा सुपरवायझर दुसऱ्याच दिवशी येई, "आत्ता भिंत ओली आहे, दिवाळीनंतर करू" म्हणे आणि दिवाळीनंतर खरोखरच भेगांत व्हाइट सिमेंट भरून, आतून पुट्टीचा हात मारून, "काम समाधानकारक" अशा छापील चिठ्ठीवर माझी सही घेऊन जाई. माणूस इतका अदबशीर होता की त्याच्या हाती लेखी तक्रार देणे मला उद्धटपणाचे वाटे. हा प्रकार चार वर्षे चालला.

रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो, अन्यथा भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्राच्या जुन्या मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीविषयक कायद्यात ही मुदत ३ वर्षांचीच होती. हे सारे मला ठाऊक होते, आणि सप्टेंबरपर्यंत वेळ आहे या हिशेबातच मी निर्धास्त होतो.

२०२३ च्या जुलैअखेर ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली, तेव्हा ऑगस्टमध्ये मी पहिले पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. उत्तरात ताबापत्राची प्रत जोडून मुदत ४ जूनलाच संपल्याचे कळवले होते, माझ्याच सहीच्या चार चिठ्ठ्या होत्या आणि खिडकीला आम्ही बसवलेल्या ग्रिलमुळे पाणी झिरपते असा वर ठपकाही होता. आधीच्या तक्रारी फोनवरच्या असल्याने दाखवायला कागद नव्हता. चावी सप्टेंबरमध्ये मिळाल्याचे सिद्ध करण्यासाठी सोसायटीच्या गेटवरील सामानाची नोंदवही शोधली, तर त्या वर्षाची वही रद्दीत गेली होती.

याच भिंतीला लागून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी २०२० मध्येच फोटोंसह ईमेल केला होता आणि चिठ्ठीवर सही करताना "ओल कायम आहे" असे स्वतःच्या हाताने लिहिले होते. यंदा बिल्डरने त्यांच्या भिंतीचे वॉटरप्रूफिंग स्वखर्चाने केले. त्यासाठी परांची जमिनीपासून आमच्या खिडकीवरूनच वर गेली. आमच्या भिंतीचे काम मात्र मी त्याच कामगारांकडून पैसे मोजून करून घेतले.