सुरमई उत्तम, पापलेट मात्र घेऊ नका

नागपूरच्या सदरमधल्या या दुकानातून तीन वर्षं समुद्री मासळी घेतेय. किनारा इतका लांब, तरी सुरमईचे कल्ले लालभडक, बोटाने दाबलं की मांस लगेच वर येतं. बर्फात कंजुषी नाही.

पण गेल्या रविवारी टोपलीत माझ्या तळहातापेक्षाही लहान पापलेटं होती. स्वस्त म्हणून लोक किलोकिलोनं नेत होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "भाऊ, यांनी अजून एकदाही अंडी घातली नाहीत." पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात ती विणीसाठीच. पिल्लंच विकली तर पालघरजवळच्या सातपाटी गावातल्या कोळ्यांच्या जाळ्यात पुढे काय येणार? भाऊंनी ऐकून घेतलं, टोपली मात्र तिथेच राहिली. मी सुरमई घेऊन आले.