बटणांचं घड्याळ की काचेचं? बडोद्यात पळणाऱ्यांसाठी

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. तुम्ही रस्त्यावर नियमित पळत असाल, इंटरव्हल (जोरात-सावकाश आलटून पालटून पळणं) करत असाल आणि वर्षातले निम्मे महिने घामाने नाहीतर पावसाने हात ओलाच राहत असेल, तर बटणांचं घड्याळ घ्या, स्क्रीन कितीही मंद वाटली तरी. आठवड्यातून दोन-तीनदा कमाटीबागेत फेऱ्या, थोडं जॉगिंग आणि बाकी दिवसभर मनगटावर मेसेज बघणं एवढंच असेल, तर चकचकीत टचस्क्रीनवालं, म्हणजे काचेचं, तुम्हाला जास्त सुख देईल.

मी पहिल्या गटातली. बटणवालं सोडून काचवाल्या कंपनीकडे गेले, उन्हाळा आणि पावसाळा तिथे काढला, आणि नवरात्र आटोपल्यावर परत पहिल्याच कंपनीचं नवं मॉडेल घेतलं. दोन्ही कंपन्यांची नावं सांगत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या एका नगावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, शिवाय अपडेट येत राहतात आणि आजची खोड उद्या जाऊही शकते. पुढे जिथे मॉडेलची नावं येतील, तिथे कंपन्यांनी जाहीर केलेली माहिती आहे. माझ्या तक्रारींचा त्यांच्याशी संबंध जोडू नका.

ओला हात

दुकानात घड्याळ हातात घेतो तेव्हा एसी चालू असतो आणि बोटं कोरडी असतात. टचस्क्रीन तिथे लोण्यासारखी चालते. हीच स्क्रीन जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला पोलो ग्राउंडवर वापरून बघा. बोटातल्या विजेच्या सूक्ष्म फरकावर टचस्क्रीनला स्पर्श कळतो. खारट घामाचा थेंबही वीज वाहून नेतो, त्यामुळे घड्याळाला थेंब आणि बोट यातला फरक कळेनासा होतो. माझ्या काचवाल्यावर पावसाचे थेंब पडले की स्क्रीन आपोआप सरकायची. एकदा चालू वर्कआउट पॉज झालं आणि मला कळलं ते पुढचा इंटरव्हल संपल्यावर.

यावर उपाय म्हणून टच लॉक करता येतं. पण मग पेसवरून (किलोमीटरला लागणारा वेळ) हार्टरेटच्या स्क्रीनवर जायचं कसं? त्या घड्याळाला असलेल्या बटणांवर लॅप (टप्प्याची नोंद) होता आणि स्टॉप होता, स्क्रीन बदलायला मात्र काचच हवी. लॉक काढा, पुसा, सरकवा, परत लॉक करा. धावताना एवढा खटाटोप कोण करणार?

बटणवाल्यात हा प्रश्नच येत नाही. कोणतं बटण कशाचं हे बोटाला पाठ होतं, बघावंही लागत नाही. आता काच म्हणजे बटणं नाहीतच असंही नाही. गार्मिनच्या फोररनर २६५ ला रंगीत टचस्क्रीन आहे आणि पाच बटणंही. कोरोस पेस ३ ला एक फिरवायचं बटण आहे आणि एक साधं. ॲपल वॉच अल्ट्राला वेगळं ॲक्शन बटण दिलंय. म्हणून दुकानदाराला ‘टच आहे का’ हे विचारू नका. टच पूर्ण बंद करून सुरू करणं, लॅप मारणं, स्क्रीन बदलणं आणि थांबवणं ही चारही कामं होतात का, ते विचारा. नुसतं विचारू नका, त्याला करून दाखवायला सांगा.

ऊन, अंधार आणि बॅटरी

या बाबतीत काचवालं सरळ जिंकलं, निदान अर्ध्या वेळेला. उन्हाळ्यातला लाँग रन आपण पाचच्या अंधारात सुरू करतो. तेव्हा ॲमोलेड, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या, स्क्रीनवरचे आकडे चष्म्याशिवायही वाचता येतात. जुन्या धाटणीच्या स्क्रीनला, ज्याला एमआयपी म्हणतात, तिथे बॅकलाइट लावावा लागतो. मात्र साडेसातला ऊन चढलं की बाजू उलटते. एमआयपी उन्हाचाच प्रकाश परावर्तित करते, जेवढं ऊन जास्त तेवढी ती स्पष्ट. ॲमोलेडला उन्हाशी स्पर्धा करायला स्वतःचा उजेड वाढवावा लागतो आणि त्यात बॅटरी जाते.

किती जाते, हे एकाच घराण्यातल्या दोन घड्याळांवरून कळतं. एमआयपीवालं फोररनर २५५ हे २०२२ मध्ये आलं, जीपीएस चालू ठेवून ३० तास चालतं असं कंपनी सांगते. ॲमोलेडवालं २६५ हे २०२३ चं, त्याचे २० तास. कोरोस पेस ३ एमआयपी आहे आणि त्याचा दावा ३८ तासांचा. नेहमीच्या ॲपल वॉचची जाहीर बॅटरी बरीच वर्षं १८ तासांचीच होती, तीही अख्ख्या दिवसाच्या साध्या वापराची.

हाफ मॅरेथॉनवाल्याला २० काय आणि ३० काय, दोन्ही भरपूर. फरक पडतो तो रोज चार्ज करायला विसरणाऱ्यांना. मी त्यातलीच.

नाडी आणि गरबा

मनगटावरची नाडी हा दोन्ही प्रकारांचा कच्चा दुवा आहे. घड्याळाच्या पोटातले हिरवे दिवे कातडीत प्रकाश सोडतात. रक्त तो प्रकाश शोषतं, दर ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. हात स्थिर असेल तर हे छान जमतं. पळताना हातही दर पावलाला हलतो, आणि ती लय प्रकाशाच्या लयीत मिसळते. बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. मग घड्याळ नाडीऐवजी पावलंच मोजायला लागतं. आरामात गप्पा मारत पळताना हार्टरेट १७२ दिसला, तर आधी पट्टा एक भोक घट्ट करा, डॉक्टरचा नंबर नंतर लावा.

काचवाल्यावर हा गोंधळ जवळजवळ रोजचा होता. बटणवाल्यावर अधूनमधून होतो, नाही असं नाही. पण खरी गंमत नवरात्रात आली. बडोद्यात राहून गरबा चुकवणारी मी नाही, आणि तीन टाळ्यांचा गरबा म्हणजे मनगटावर दर दोन सेकंदाला हातोडा. त्या नऊ रात्रींत काचवाल्याने माझी नाडी कधी ९० तर कधी १९० दाखवली. आपोआप व्यायाम ओळखायची सोय होती, तिने गरब्याला इलिप्टिकल मशीन ठरवलं. सकाळी उठल्यावर ‘आज विश्रांती घ्या’ हा सल्ला मात्र अगदी बरोबर होता. तेवढं तर माझ्या पोटऱ्यांनीही सांगितलं असतं.

आमच्या ग्रुपमधले एक काका, जे जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या, म्हणजे इथल्या जुन्या आखाड्याच्या, वळणाचे आहेत, ते म्हणतात की गरब्यात नाडी मोजायचीच कशाला. काकांचं पटतं, पण मोजायचीच असेल तर छातीचा पट्टा लावा. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाची विद्युत लहर थेट पकडतो. लावण्याआधी आतल्या बाजूला पाण्याचं बोट फिरवायचं, नाहीतर घाम येईपर्यंत पहिली दहा मिनिटं भलतेच आकडे येतात.

इथेच मला काचवाल्याचा सर्वांत मोठा फटका बसला. माझा जुना पट्टा एएनटी प्लस या पद्धतीने बोलणारा, नव्या घड्याळाला फक्त ब्लूटूथ कळायचं. चांगला चालणारा पट्टा कपाटात गेला. घड्याळ बदलताना पट्टा, सायकलचा सेन्सर, जे काही तुमच्याकडे आधीपासून आहे, ते नव्याशी जुळतं का हे पाहिलंच पाहिजे. आणि पट्टा नव्यानेच घ्यायचा असेल तर दोन्ही पद्धती असलेला घ्या. उदाहरणार्थ पोलरच्या एच१० मध्ये ब्लूटूथही आहे आणि एएनटी प्लसही. पोलर ही फिनलंडची कंपनी, बिनतारी हार्टरेट मॉनिटर घड्याळापर्यंत आणणाऱ्यांत ती पहिली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. चांगला पट्टा घेतलात तर घड्याळाचा मनगटी सेन्सर कसा आहे हा मुद्दाच बराचसा निकालात निघतो, आणि स्वस्तातल्या घड्याळातही काम भागतं.

अंतर

यावर जास्त डोकं खपवू नका. उपग्रहांचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सीवर घेणारी घड्याळं उंच इमारतींच्या मधे आणि दाट झाडांखाली कमी भरकटतात, हे खरं. अलकापुरीच्या गल्ल्यांत मला फरक दिसला, आणि तो काचवाल्याच्या बाजूने होता. पण मोकळ्या रस्त्यावर जुनंही ठीक चालतं. ‘हाफमध्ये माझ्या घड्याळात २१.१ ऐवजी २१.३ किलोमीटर आलं, आयोजकांनी मार्ग चुकवला’ ही तक्रार दर हिवाळ्यात ग्रुपवर येते. प्रमाणित मार्ग हा धावता येईल अशा सर्वांत छोट्या रेषेवर मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त ठेवतात. आपण वळणावर बाहेरून पळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जातो. घड्याळ बिचारं ते सगळं मोजतं.

ॲप आणि मागची वर्षं

पळताना घड्याळ बघतो तासभर, ॲप उघडतो आपण दिवसातून दहादा. तुलना करणारे बहुतेक जण घड्याळच बघतात आणि ॲप विसरतात.

काचवाल्याचं ॲप दिसायला देखणं. उघडलं की मोठं गोल चक्र, आजचा ‘तयारीचा’ गुण, खाली झोपेचं चक्र, त्याखाली पैसे भरून काय काय मिळेल याची जाहिरात. मला हवे असलेले लॅपचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ, बघायला चार-पाच वेळा टिचकी मारावी लागे. सिंक कधी व्हायचं, कधी फोन रिस्टार्ट केल्यावर व्हायचं. यातला थोडा दोष फोनचाही असतो. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, निम्मा त्रास तिथेच संपतो. माझा उरलेला निम्मा संपला नाही.

बटणवाल्याचं ॲप कोरडं, सरकारी फॉर्मसारखं. पण आकडे जिथे असायला हवेत तिथे असतात. आणि तिथे माझी मागची वर्षं होती. कंपनी बदलली की धावांच्या फाइली नेता येतात, जीपीएक्स किंवा फिट स्वरूपात. स्ट्रावावर (धावा नोंदवायचं ॲप) चढवत असाल तर त्या तिथेही राहतात. नेता येत नाही ते घड्याळाने तुमच्याबद्दल बांधलेलं अनुमान: विश्रांतीची नाडी किती, झोपेतला एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेचा चढउतार) कुठल्या पट्ट्यात, दमट उन्हाळ्यात तुम्ही किती मंदावता. एचआरव्हीची पायाभूत पातळी ठरवायलाच गार्मिनची घड्याळं साधारण तीन आठवडे घेतात. त्याच कंपनीची घड्याळं उष्णतेला सरावण्याचा हिशोब २२ अंशांच्या वर सुरू करतात. आमच्याकडे २२ अंशाला लोक स्वेटर घालतात, म्हणजे बहुतेक धावा त्या हिशोबात येणारच. पण हा हिशोब प्रत्येक कंपनी करत नाही, आणि जिथे होत नाही तिथे मे महिन्यात व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा आकडा) घसरलेला पाहून माणूस उगाच खचतो. तुम्ही आहात तसेच असता, बाहेर ४२ असतात.

बटणवाल्यांची बाजूही निर्मळ नाही. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनची सेवा काही दिवस बंद पडली होती, जगभरातल्या लोकांचं सिंक अडकलं. मार्च २०२५ मध्ये त्यांनीही पैसे भरून घ्यायची वेगळी योजना आणली. मूळ ॲप फुकट राहिलं. कंपनी कुठलीही असो, वर्षातून एकदा आपला सगळा डेटा उतरवून घ्यावा.

मनगट

हे थोडक्यात, पण बायकांसाठी महत्त्वाचं. दुकानात मांडलेलं घड्याळ बहुतेक वेळा ४६ मिलिमीटरचं असतं. बारीक मनगटावर ते हाडावर टेकतं, कडेने उजेड आत शिरतो आणि नाडी बिघडते. फोररनर २५५ आणि २६५ दोन्हींची छोटी आवृत्ती आहे, नावापुढे ‘एस’ असलेली. दुकानात नसेल तर मागवायला लावा, आहे ते गळ्यात मारून घेऊ नका.

परत करण्याची मुदत

बडोद्यात अर्धी घड्याळं अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून येतात. स्वस्त पडतात, पण वॉरंटी कुठल्या देशात चालते हे भाच्याला आधी वाचायला सांगा. बिघडलं तर तो पुन्हा येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. इथे घेतलंत तर परत करण्याच्या मुदतीतच त्याला पळवून घ्या. नळाखाली हात ओला करून टच बंद ठेवून लॅप मारा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून पाच फेऱ्या मारा आणि आकडा दोन किलोमीटरच्या किती जवळ येतो बघा. कुणाचा तरी छातीचा पट्टा उसना घेऊन दुसऱ्या घड्याळाला जोडा, नवं मनगटावर ठेवा, आणि मुद्दाम सावकाश पळा. वेगात नाडी आणि पावलं जवळपास सारखीच पडतात, त्यामुळे दोन्ही आकडे सहज जुळतात, सावकाश पळतानाच फट दिसते. रात्री फोन बंद करून चालू करा आणि ॲप न उघडता सिंक होतं का ते पाहा. यातलं एखादं जरी जमलं नाही तर बिल आणि खोकं जपून ठेवा, प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा फेकू नका.