चाकणमध्ये बनलेली की चाकणमध्ये जुळवलेली?

अडीच लाखांच्या पुढची बाइक पाहायला गेलेल्या प्रत्येकाला शोरूममध्ये एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: कंपनी परदेशी असली तरी ही गाडी इथेच बनते. हे बहुतेक वेळा खरे असते, पण खरेदीदाराला जे कळायला हवे ते त्यातून कळत नाही. काही गाड्यांच्या इंजिनाची ओतकामे, फ्रेमचे वेल्डिंग, रंगकाम आणि बरेचसे भाग आपल्याच देशात होतात. काही गाड्या मात्र खोक्यांत सुट्या होऊन बंदरावर उतरतात आणि इथे फक्त जोडल्या जातात. मी काही वर्षे दुसऱ्या प्रकारची गाडी वापरली आणि आता पहिल्या प्रकारची वापरतो. निवड करू पाहणाऱ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून हा आढावा.

या दोहोंतला फरक सीमाशुल्क खाते जितक्या स्पष्टपणे पाहते तितका तो जाहिरातीत दिसत नाही. पूर्ण तयार होऊन येणाऱ्या 1600 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क 50 वरून 40 टक्क्यांवर आणले गेले. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवून, पण चासीवर न बसवता आणलेल्या संचावर ते 25 वरून 20 टक्के झाले, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्समिशन यांपैकी काहीच जुळवलेले नसेल, म्हणजे ज्याला आपण सीकेडी म्हणतो, त्यावर 15 वरून 10 टक्के. या सवलतीसाठी गाडीचा एकही भाग भारतात बनलेला असण्याची अट नाही. जोडणी इथे व्हावी, एवढेच पुरते. म्हणून ‘सीकेडी’ ऐकल्यावर इथले कामगार इंजिनही जोडत असतील असा अंदाज बांधायला हरकत नाही, पण त्या इंजिनाचा पिस्टन इथे मिळेल असा अंदाज बांधू नये.

याचे सर्वांत बोलके उदाहरण माझ्या मते केटीएमचे आहे. बजाजने 2007 मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत भागभांडवल घेतले, 2011 पासून पुण्याजवळच्या चाकणमधल्या बजाजच्या कारखान्यातून छोट्या ड्यूक बाइक बाहेर पडू लागल्या, आणि 2013 साली आलेली 390 ड्यूक तर जगभरासाठी तिथेच बनू लागली. सप्टेंबर 2019 मध्ये याच कंपनीने 790 ड्यूक भारतात आणली, तीही चाकणमध्ये जुळवून, पण ऑस्ट्रियाहून आलेल्या संचातून. म्हणजे पत्ता एक, नाममुद्रा एक, सर्व्हिस सेंटर एक, आणि तरीही दोन्ही गाड्यांच्या भागांचा प्रवास पूर्ण वेगळा. बीएस-6 चे प्रदूषणविषयक नियम लागू झाल्यावर 790 इथून गेली. 390 आजही रस्त्यावर सगळीकडे दिसते. यात 790 च्या गुणवत्तेत काही उणे होते असे मी म्हणणार नाही. संचावर चालणारे मॉडेल मागे घेणे कंपनीला सोपे जाते, कारण त्यामागे इथे साचे, वेल्डिंगची यंत्रे आणि पुरवठादारांचे करार उभे केलेले नसतात.

गुणवत्तेचा प्रश्न इथेच संपवतो, कारण त्यावर जितकी चर्चा होते तितका त्यात दम नाही. चाकणची ट्रायम्फ स्पीड 400 ब्रिटनमध्ये विकली जाते, टीव्हीएसच्या होसूर कारखान्यातली बीएमडब्ल्यू जी 310 आर युरोपात धावली आहे. परदेशातला ग्राहक ज्या गाडीवर समाधानी आहे ती इथे बनली म्हणून आपण तिच्याकडे संशयाने पाहावे, हे मला पटत नाही.

माझा निर्णय ज्या गोष्टीने केला ती गुणवत्तेशी नव्हे, तर एका लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्याशी संबंधित होती. माझी आधीची गाडी दोन सिलिंडरची, सुट्या संचातून जुळवलेली होती. तिच्या कंपनीचे नाव इथे देत नाही आणि या लेखात आलेल्या नावांपैकी ती कोणतीही नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी काढताना कोणाचा तरी धक्का लागून ती डाव्या अंगावर पडली. क्लचचा लिव्हर मोडला, आणि लिव्हर ज्यात बसतो तो हँडलवरचा होल्डर चिरला. लिव्हर दुसऱ्या कंपनीचा मिळाला, पण होल्डर कुठेच मिळेना. त्याच्याच पोटात क्लचचा स्विच बसतो, आणि गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याचा संकेत त्या स्विचकडून मिळाल्याशिवाय सेल्फ लागत नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंग करून पाहिले. जोड चांगला बसला, पण उष्णतेने स्विचची खाच किंचित वाकली आणि स्विच कधी दाबला जाई, कधी नाही. सिग्नलवर इंजिन बंद पडले की न्यूट्रल शोधत बसावे लागे, आणि मागची वाहने तेवढा वेळ देत नाहीत.

सर्व्हिस सेंटरमधली माणसे सौजन्यशील होती आणि त्यांनी मला कारणही नीट समजावून सांगितले. जुळणीसाठी येणाऱ्या कंटेनरमध्ये जितक्या गाड्या तितकेच होल्डर असतात, एकही जादा नसतो. सुट्या भागांची मागणी वेगळी नोंदवली जाते, देशभरातल्या डीलरांची मागणी एकत्र झाल्यावर ती परदेशी जाते, तिथे तो भाग गोदामात असला तर जहाजावर चढतो, आणि इथे उतरल्यावर त्याची सीमाशुल्काची सोडवणूक पुन्हा वेगळी होते. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही नेहमी लागणारी वस्तू असल्याने साठ्यात असते. आरशाचा दांडा, फूटपेगचा ब्रॅकेट, क्लचचा होल्डर हे भाग गाडी पडल्याशिवाय कोणाला लागत नाहीत, म्हणून ते कोणी ठेवत नाही. सगळा पावसाळा गाडी आच्छादनाखाली उभी होती आणि हप्ता व विमा दोन्ही चालू होते. एवढ्या महागड्या यंत्राला एवढ्याशा तुकड्याने जखडून ठेवावे, ही गोष्ट मला फार लागली.

आताची चाकणची एक सिलिंडरची गाडीही एकदा अशीच पडली. लिव्हर, होल्डर आणि डावा आरसा मला काउंटरवर त्याच दुपारी मिळाले. एका प्रसंगावरून नियम करू नये हे मान्य आहे, पण कारण उघड आहे: जो पुरवठादार असेंब्ली लाइनला दररोज तो भाग देतो, तोच सुट्या भागांच्या गोदामालाही देतो, आणि पुण्याच्या आसपास असे पुरवठादार दाटीने आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघाल्यावर दोन सिलिंडरचे इंजिन जसे सहज, न थरथरता पळते, ते सुख माझ्या आताच्या गाडीत नाही. तासाभरानंतर तळव्यांना मुंग्या येतात आणि मला तेव्हा जुन्या गाडीची आठवण होते. जुन्या गाडीच्या रंगाची आणि स्क्रूंची सफाईही सरस होती. तुम्ही गाडी फक्त सुटीच्या दिवशी काढत असाल, घरात दुसरे वाहन असेल आणि शहरात त्या कंपनीचे चांगले सर्व्हिस सेंटर असेल, तर जुळवलेली गाडी घेण्यात मला काही गैर वाटत नाही. कोल्हापूर, नांदेड, रत्नागिरी किंवा गोव्यातून बोलत असाल आणि रोज कामाला तीच गाडी नेणार असाल, तर मात्र दहा वेळा विचार करावा, असे सुचवेन.

हे दोन प्रकार कायम वेगळेच राहतात असेही नाही. मद्रासमध्ये 1955 साली इंग्लंडमधल्या रेडिचहून आलेल्या भागांतून रॉयल एनफील्डची बुलेट जुळवायला सुरुवात झाली, 1957 मध्ये यंत्रसामग्री मिळाल्यावर भाग इथे बनू लागले आणि 1962 पर्यंत पूर्ण बुलेट भारतीय झाली. आज तीच कंपनी अर्जेंटिना, थायलंड, ब्राझीलमध्ये चेन्नईचे भाग पाठवून गाड्या जुळवते, आणि तिथल्या मालकाला होल्डरसाठी आपल्याकडे पाहावे लागते. कावासाकीने निंजा 300 चे काही भाग इथे बनवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जुलै 2018 मध्ये तिची किंमत सुमारे 60 हजारांनी उतरून 2.98 लाखांवर आली. म्हणून ब्रँड पाहून नव्हे, तर मॉडेल पाहून चौकशी करावी.

ही चौकशी चासी नंबरवरून होईल अशी काहींची समजूत असते. पहिली तीन अक्षरे जबाबदार निर्माता सांगतात, भागांचे गाव सांगत नाहीत. बजाजचा कोड एमडी2 आहे, पण चाकणहून निर्यात होणाऱ्या केटीएमवर ऑस्ट्रियाचा व्हीबीके असतो. त्यापेक्षा शोरूमच्या विक्री विभागाला नमस्कार करून थेट स्पेअर काउंटरवर जावे आणि क्लच होल्डर, रेडिएटर, पुढचा मडगार्ड व स्पीडोमीटर यांची किंमत आणि आज साठ्यात असलेली संख्या विचारावी. संगणकावर पाहून लगेच उत्तर मिळाले तर पुढे बोलावे; ‘मागवून देतो’ असे ऐकू आले तर किती दिवसांत ते लेखी मागावे.

दोन सिलिंडरच हवे असतील तर आता एक मधला मार्गही आहे. एप्रिलियाची आरएस 457 पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात बनते आणि डिसेंबर 2023 मध्ये ती 4.10 लाखांना बाजारात आली. रॉयल एनफील्डच्या 650 सीसीच्या गाड्या तर 2018 पासून आहेतच. माझी पुढची गाडी बहुधा यांपैकीच एक असेल, आणि ती ठरवण्याआधी मी टेस्ट राइड घेण्यापूर्वी काउंटरवर होल्डर विचारणार आहे.