इंजिनिअर्ड लाकडी फ्लोअरिंग : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

दुकानात गेलं की फळीचा चेहराच दाखवतात. ओक की अक्रोड, मॅट की चकचकीत. तुम्ही मात्र फळीची कापलेली कड दाखवायला सांगा. वरचं ओक सहसा तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतं, बाकी सगळी जाडी पोटातल्या थराची. फळी फुगणार, वाकणार की गप्प बसणार हे त्या पोटावर ठरतं.

आमच्या पुण्याच्या घरी हॉलमध्ये बर्च प्लायच्या कोअरची (कोअर म्हणजे हाच पोटातला थर) १५ मिलिमीटरची फळी आहे आणि अभ्यासाच्या खोलीत एचडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या, कोअरची. ताईच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तीन थरांची: वर ओक, मध्ये स्प्रूस नावाच्या मऊ लाकडाच्या आडव्या पट्ट्या, खाली पातळ पाठ. तिन्हीकडे चिकटवणं नाही. फळ्या एकमेकींत क्लिक करून फोमवर नुसत्या टेकवलेल्या.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि कोरड्यात आकसतं. पावसाळ्यात घट्ट बसणारं दार सगळ्यांनीच पाहिलंय. इंजिनिअर्ड फळीची सगळी युक्ती अशी, की वरच्या ओकचे तंतू लांबीत, तर त्याखालच्या थराचे आडवे. वरचा रुंदीत पसरायला गेला की खालचा त्याला धरून ठेवतो. प्लायमध्ये हे एक-दीड मिलिमीटरच्या थरांनी पुन्हा पुन्हा होतं, म्हणून ओढाताण वाटली जाते. तीन थरांच्या फळीत ते काम एकट्या मधल्या थराला करावं लागतं. एचडीएफमधले तंतू सगळीकडे विस्कटून दाबलेले असतात. त्यांना एक अशी दिशाच नाही, त्यामुळे तो रुंदीइतकाच लांबीतसुद्धा हलतो.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. बहुतेक कंपन्या ३० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणतात. आपल्याकडे एसी सतत चालू नसेल तर हे शक्य नाही, म्हणजे फळीनंच सोसलं पाहिजे.

उन्हाळ्यात हॉलमधल्या प्लायच्या फळ्यांत नख जाईल इतकीही फट पडली नाही. अभ्यासाच्या खोलीत फळ्यांच्या कडा किंचित वर आल्या. तिरप्या उन्हात ते दिसतं आणि अनवाणी चालताना तळव्याला कळतं. ओक आकसलं, खालचा एचडीएफ तितका आकसला नाही, म्हणून हा बाक. पाऊस लागल्यावर तो आपोआप गेला, त्यामुळे याला मी दोष म्हणणार नाही.

खरी परीक्षा जुलैच्या झडीत झाली. खिडकीतून आलेलं पाणी एचडीएफच्या दोन सांध्यांत शिरलं. सांधे फुगून बारीक वरंबा उठला आणि वाळल्यावरही तसाच राहिला. एचडीएफ एकदा फुगला की पूर्ववत बसत नाही. त्यानंतर उरलेले तुकडे मी मुद्दाम रात्रभर परातीत भिजत ठेवले. एचडीएफची कड बिस्किटासारखी सुजली. प्लायचा तुकडा जरा जाड झाला आणि दोन दिवसांत पुष्कळसा मूळ जागी आला, थर सुटले नाहीत. ताईकडचा स्प्रूसचा तुकडा वाकला आणि वाळल्यावर बराच सरळ झाला. प्लाय घेताना गोंद कोणता हे विचारायलाच हवं. फिनॉलवाला पाण्याला टिकतो, साधा युरियावाला तितका टिकत नाही.

एचडीएफच्या बाजूनंही सांगायला हवं. फळ्या एकमेकींत अडकवणारी कडेची खाच-जीभ, म्हणजे लॉक, त्यात सगळ्यात नेटकं कापलं जातं आणि मिस्त्रीच्या हातात फळ्या पटापट बसतात. घनता भरपूर, त्यामुळे जड टेबलाच्या पायांनी खड्डा पडलेला नाही. ताईकडे स्प्रूस मऊ असल्यानं कपाटाच्या पायाखाली खड्डा पडलाय. तिच्या फळीच्या आखूड टोकांना मात्र स्प्रूसऐवजी कठीण लाकडाचा तुकडा बसवलेला आहे, कारण नुसत्या स्प्रूसमध्ये लॉकची जीभ तुटते. घेताना टोकाकडे बघून हे तपासता येतं.

पाठीकडेही बघा. खालचा थर वरच्या ओकला तोलून धरणारा हवा. तिथे नुसता कागद असेल तर फळी वाकणारच. प्लायच्या कडेला मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर तो खोका परत करा.

कोअर कितीही चांगला असला तरी भिंतीकडेला १० मिलिमीटरची फट सोडून वर स्कर्टिंग लावणं आणि फोमखाली प्लास्टिकचा कागद अंथरणं चुकवू नका. जुनी फरशी दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खालीवर असेल तर आधी ती सपाट करून घ्या, नाहीतर चालताना लॉक हलून कुरकुरतात. आमच्याकडे मावशी आता घट्ट पिळलेल्या फडक्यानंच पुसतात.

पैशांचं बघायचं तर एचडीएफ स्वस्त पडतो, आणि खिडकी-बाल्कनीपासून लांबच्या बेडरूमला मी तो बिनधास्त सुचवेन. राहिलेल्या खोलीला बाल्कनी आहे, तिथे बर्च प्लायच मागवलाय.