मर्यादित आवृत्तीतील सात इंची सिंगल: पहिली बाजू जिंकते

वाद्यवृंदाच्या साथीने बांधलेले पॉप गाणे बहुधा हळूहळू चढत जाते आणि शेवटच्या कडव्यात व्हायोलिन, हॉर्न, टिंपनी सगळे एकदम उसळतात. रेकॉर्डला मात्र नेमकी हीच जागा सर्वांत अवघड जाते, कारण सुई लेबलजवळ येते तेव्हा एका फेरीत तिला मिळणारी खाच सर्वांत आखूड असते आणि सगळा तपशील तेवढ्यातच दाटीवाटीने कोरावा लागतो. एका इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे काम करणाऱ्या) बँडची मर्यादित आवृत्तीत निघालेली नवी सिंगल, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच गाणे असलेली छोटी रेकॉर्ड, मी मुख्यतः याच कसोटीवर ऐकली.

सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये बाजारात आणली. तबकडीच्या केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर ३३⅓ फेऱ्यांपेक्षा ४५ फेऱ्यांना दर सेकंदाला सुमारे ३५ टक्के अधिक लांब खाच मिळते, आणि त्याचा फायदा तारवाद्यांच्या वरच्या सुरांना होतो. पहिल्या बाजूवर तो स्पष्ट ऐकू येतो. शिवाय संगीत-संयोजकाने इथे नेहमीची चढण उलटी फिरवली आहे: गाणे पूर्ण वाद्यमेळाने सुरू होते आणि एकेक वाद्य गळत जाऊन अखेरीस फक्त चेलो व ग्लॉकेनश्पील (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) उरतात. त्यामुळे सर्वांत भरगच्च संगीत बाहेरच्या प्रशस्त खाचांत बसले आहे. दुसऱ्या कडव्यानंतर चेलोच्या तारेवर गज टेकतो तेव्हाची किंचित खरखर आणि मग सूर धरताना लाकडातून उमटणारा घुमारा इतका जवळून येतो, की हे गाणे या माध्यमासाठीच रचले असावे असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या बाजूचे गाणे रचना म्हणून कमी दर्जाचे नाही, उलट त्यातील हॉर्नची धून अधिक काळ मनात रेंगाळते. पण ते सहा मिनिटांचे आहे. एवढे लांब गाणे सात इंचांत बसवायचे तर खाचा एकमेकींच्या अगदी जवळ कोराव्या लागतात, त्यांना पुरेशी हालचाल करता यावी एवढी जागा राहत नाही आणि ध्वनीची पातळी खाली आणावी लागते. मग सुरुवातीच्या हळुवार पियानोमागे पृष्ठभागाची चुरचुर जाणवते, आणि शेवटच्या उसळीत झांजा व गायिकेचे ‘स’ फाटल्यासारखे ऐकू येतात. हेच गाणे बारा इंची तबकडीवर घेतले असते तर त्याला न्याय मिळाला असता. सोबत मिळालेल्या डाउनलोडमध्ये ते मोकळे वाटते, म्हणून ही बाजू मी तिथूनच ऐकेन.

वेष्टनाचा जाड, खरखरीत कागद सुंदर आहे. आतले पाकीट मात्र साध्या कागदाचे असल्याने त्याचे तंतू खाचांत जातात. ते लगेच बदलून स्थिरविद्युत-रोधक (अँटी-स्टॅटिक) पाकीट वापरावे. मधले छिद्र मोठे आहे, तेव्हा ते भरून काढणारा अ‍ॅडॉप्टर जवळ हवा.

माझी प्रत व्यवस्थित फिरते, तरी तबकडी हाती येताच पहिल्या बाजूच्या अखेरचा चेलोचा लांब सूर नीट ऐकावा. छिद्र केंद्रापासून जराही सरकलेले असेल तर तो सूर डोलू लागेल, आणि आवृत्ती मर्यादित असल्यामुळे प्रत बदलून घ्यायची असेल तर ती संपण्यापूर्वीच मागावी लागेल.