आठ महिने, तीन स्कॅनर: कोणत्या रिपोर्टवर खरंच काम झालं

दोनशेच्या आसपास मशीन, निम्मी विंडोज, निम्मी लिनक्स, आणि पॅचिंगला, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट बसवायला, आम्ही तिघं. आठ महिने तीन व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे मशीनवरच्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणारी सॉफ्टवेअर, एकाच वेळी चालवली: एक एजंटवालं (प्रत्येक मशीनवर छोटा प्रोग्राम बसवणारं) क्लाउड सॉफ्टवेअर, एक आमच्याच नेटवर्कमध्ये बसणारा विकतचा स्कॅनर आणि एक ओपन सोर्स. तिन्ही सॉफ्टवेअरबद्दल तक्रारी आहेत, म्हणून नावं देत नाही.

सुरुवातीला आम्ही कोणी किती त्रुटी काढल्या हेच मोजत बसलो. ती चूक होती. लॉगिन न देता स्कॅन केला की सर्व्हिस बाहेर जे वर्शन सांगते तेवढ्यावरच सगळा अंदाज. विकतच्या स्कॅनरने लिनक्स सर्व्हरांवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) ‘क्रिटिकल’ म्हणून लाल केलं. लिनक्स सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून दाखवला: तोच सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्या त्रुटीचा जाहीर क्रमांक, दुरुस्ती केव्हाच झालेली. रेड हॅट, डेबियनसारखे लिनक्स पुरवणारे जुन्याच वर्शनमध्ये दुरुस्ती घालतात, वरचा आकडा तसाच राहतो. असं तीन वेळा झालं आणि त्याने रिपोर्ट उघडणंच सोडून दिलं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण मग खरा धोकाही त्याच ढिगात पडून राहतो.

एजंटवाल्याने इथे बाजी मारली. प्रत्येक त्रुटीखाली पुरावा असतो: कोणतं पॅकेज, कोणतं वर्शन, फाइल कुठे आहे, कितव्या वर्शनमध्ये दुरुस्ती आहे. एका सर्व्हरवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झालेला असूनही त्रुटी उघडीच दिसत होती. पुराव्यात लिहिलेलं होतं की नवा कर्नल बसलाय, पण चालू जुनाच आहे. रीबूट राहिला होता. वाद न घालता पाच मिनिटांत विषय मिटला. डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरशेल या जावा लायब्ररीतल्या गंभीर त्रुटीच्या वेळी आम्ही दुसऱ्या जारच्या (जावा प्रोग्रामच्या फाइलच्या) पोटात दडलेल्या जार हाताने शोधल्या होत्या. त्यामुळे फाइलचा पूर्ण पाथ दिसणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

पण एजंट प्रिंटर, स्विच, कॅमेऱ्यांवर बसत नाही. तिथे नेटवर्क स्कॅन लागतोच, आणि तो जपून करावा लागतो. ओपन सोर्सवाल्याच्या पहिल्याच स्कॅनमध्ये ९१०० पोर्टवर गेलेला डेटा प्रिंटरने छापायचा मजकूर समजून घेतला. सकाळी ट्रेमध्ये अगम्य अक्षरांच्या कागदांचा गठ्ठा पडला होता. तो पोर्ट वगळला, तेव्हापासून त्रास नाही. विकतच्या स्कॅनरची अडचण वेगळी: तो मशीन आयपीवरून ओळखायचा. आयपी बदलला की तोच लॅपटॉप त्याला नवा वाटायचा, आणि लायसन्सच्या मोजणीत एकाचे तीन व्हायचे. सेटिंग बदलून हे सुधारतं, पण आम्हाला ते चौथ्या महिन्यात कळलं.

प्राधान्यक्रमाबद्दल थोडं ठामपणे सांगतो. नुसत्या सीव्हीएसएसवर, म्हणजे त्रुटी किती गंभीर आहे त्याच्या गुणांवर, रांग लावू नका. हार्टब्लीडसारख्या गाजलेल्या गंभीर त्रुटीला तेव्हाच्या पद्धतीने १० पैकी ५ च गुण होते. आम्ही आता आधी सीसा या अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही यादी बघतो, कारण तिथे प्रत्यक्ष गैरफायदा घेतला गेलेल्याच त्रुटी असतात. मग इंटरनेटला थेट उघडी मशीन, मग ईपीएसएस, म्हणजे पुढच्या तीस दिवसांत हल्ल्यात वापर होण्याची शक्यता. तिन्ही गोष्टी एकाच फिल्टरमध्ये एजंटवाल्याकडेच मिळाल्या. बाकी दोघांच्या बाबतीत एक्सेलमध्ये जोडाव्या लागत होत्या. डॅशबोर्ड तिघांचेही देखणे आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

सर्व्हर आणि लॅपटॉपसाठी एजंटवालं ठेवलं, उरलेल्या उपकरणांसाठी महिन्यातून एकदा ओपन सोर्स. विकतच्या स्कॅनरचं नूतनीकरण केलं नाही.

ट्रायल घेतलीत तर एक गोष्ट जरूर करा. बाजूला काढलेल्या मशीनवर मुद्दाम जुनं सॉफ्टवेअर टाका, त्रुटी दिसू द्या, मग पॅच करा आणि ती किती वेळाने बंद होते ते घड्याळ लावून बघा. वानाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ लाच आलेला होता, हल्ला १२ मे रोजी झाला. पॅच खरोखर बसला की नाही हे लवकर कळणं इतकं महत्त्वाचं आहे. आमच्याकडे एजंटवाल्यात नोंद त्याच दिवशी बंद झाली. विकतच्या स्कॅनरमध्ये ती पुढच्या रविवारच्या स्कॅनपर्यंत लालच होती.