लाखांचं मॅनिकिन नको, पाण्याची बाहुली द्या

मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला सिस्टर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये बाळंतपण आणि नवजात बाळाचं ट्रेनिंग करून आले. बऱ्याच जणी विचारतायत, जावं का? जावं. पण दर्शनी मॅनिकिनला, म्हणजे सरावासाठीच्या माणसाएवढ्या पुतळ्याला, भुलून जाऊ नका.

ते मॅनिकिन कॉम्प्युटरला जोडलेलं. कण्हतं काय, डोळे मिचकावतं काय! आम्ही गेलो तेव्हा सॉफ्टवेअर अडकलेलं, इंजिनिअर पुण्याहून येणार म्हणे. त्याच्याभोवती उभं राहण्यात सकाळ गेली.

खरं शिकवलं ते निओनॅटली नावाच्या बाहुलीनं. दोन लिटर कोमट पाणी भरलं की वजनाला खऱ्या बाळाएवढी, उचलली की मान टाकते. नळीला लावलेला छोटा फुगा ट्रेनर मॅडमच्या मुठीत. त्यांनी दाबला तर नाळेत ठोके लागतात, नाही तर बाळ गपगार. पुसलं, पाठ चोळली, तरी हूं नाही की चूं नाही. मग अंबू बॅग, म्हणजे मास्क लावून हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. आमच्यातल्या एका दांडग्या सिस्टरनं जोर लावून बॅग दाबली, तर मास्कच्या कडेनं नुसती फुस्स. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, बॅगकडं नका बघू, छातीकडं बघा." हनुवटी जराशी उचलून मास्क नीट बसवला, मग कुठं छाती हलली. मिनिटाला 40 ते 60 श्वास, आणि सुरुवात जन्मल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत. हे शिकवणारा सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम 2009 चा, त्याचं पोस्टर आमच्याही भिंतीवर आहे. पण शेजारी मोबाइलवर सेकंद पळत असले की हात कसे थरथरतात, ते पोस्टरवर नसतं.

पीपीएचचा, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचा, सरावही चांगला. चादरीवर, पॅडवर लाल पाणी ओतून ठेवतात, किती रक्त गेलं त्याचा अंदाज लिहायचा. झाडून सगळ्यांचा अंदाज कमी निघाला. 500 मिली गेलं की पीपीएच, हा आकडा सगळ्यांना पाठ, पण ऊसतोडीहून आलेल्या, हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईला तेवढं जाईपर्यंत वाट बघायची नसते, हे मॅडमनी ठासून सांगितलं.

जेवण ठीक, सर्टिफिकेट उशिरा.

तक्रार एकच, पण मोठी. सराव एसी हॉलमध्ये, हाक मारली की भूलतज्ज्ञ हजर. आमच्याकडं रात्री मी, एक मावशी आणि फोनवर डॉक्टर. मावशीला ट्रेनिंगला कुणी बोलावतच नाही. बाळ पुसायला कोरडं कापड तीच देते. लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात एकदा तरी करून घ्यायला हवं होतं. शिवाय सराव सुटला की हात विसरतो. एकेक बाहुली आळीपाळीनं तालुक्याला फिरवली तरी भागेल, ड्यूटी बदलताना पाच मिनिटं काढणं आम्हाला जमतं.